पितळी डमी राऊंड घेतला त्याचा रिव्ह्यू, आणि खरं काडतूस घरी ‘उघडून बघू’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं जास्तीचं

आधी काय घेतलं ते सांगतो. रायफलचा डमी राऊंड, म्हणजे शोभेचं, न उडणारं काडतूस, ७.६२ बाय ५१ च्या मापाचा (गोळी ७.६२ मिली जाड, पितळी पुंगळी ५१ मिली लांब), भरीव पितळेचा, पुढची गोळी तांब्याची, खाली लाकडी स्टँड आणि स्टँडवर नाव कोरून. साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात दोन भाऊ लेथवर बनवतात, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात. साडेआठशे रुपये, कोरणावळ धरून. घेतला तो सासऱ्यांसाठी. आबा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, इन्सास ही नंतरची रायफल यायच्या आधीची त्यांची सगळी नोकरी एसएलआर रायफलवर गेली, आणि शोकेसमध्ये मेडलच्या शेजारी त्या रायफलचं एक काडतूस असावं अशी त्यांची कधीपासूनची इच्छा. खरं मिळणार नाही आणि मिळालं तरी ठेवता येणार नाही हे त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत, म्हणून डमी.

माझं स्वतःचं काम लेथवरचंच आहे त्यामुळे फिनिशबद्दल दोन शब्द जास्त बोलीन, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जा.

काम चांगलं आहे. खांद्याचा उतार, म्हणजे जाड भागाकडून मानेकडे येतो तो, बऱ्याच शोपीसमध्ये नुसता गोल घासून टाकलेला असतो, इथे नीट कोन धरलाय. बुडाजवळची खाच, ज्यात रायफलचा एक्स्ट्रॅक्टर अडकतो, तीही व्यवस्थित कापलीय, कड हाताला लागत नाही. तांब्याची गोळी वेगळी टर्न करून दाबून बसवलीय, सांधा दिसतो पण केसाएवढा. लॅकरचा हात मात्र पातळ, मुंबईच्या दमट हवेत आठवडाभरातच बोटांचे ठसे काळपट उठायला लागले, मी परत एक कोट मारून घेतला. स्टँड ‘सागवान’ म्हणून सांगितला होता, तो सागवान नाही, वरून पट्टी चिकटवलेली आहे, खालची बाजू बघितली की कळतं. आणि कोरताना जोडाक्षर फोडून ठेवलं होतं, हलन्त मोकळाच लोंबकळत होता, ते त्यांनी न कुरकुरता फुकट परत करून दिलं. याबद्दल पैकीच्या पैकी मार्क.

पण मला ज्यासाठी हा माल आवडला ते वेगळंच आहे. अंगातून आरपार चार मिलीचं भोक पाडलंय आणि बुडाची प्रायमरची (पिन आपटली की ठिणगी देणाऱ्या टिकलीची) जागा सरळ रिकामी ठेवलीय, आत नुसता खड्डा. म्हणजे लांबून राऊंड दिसतो, हातात घेतला की लहान पोराला पण कळतं की हे उडू शकत नाही. कुणाला पटवून द्यावं लागत नाही. शोपीसमध्ये मी पहिलं हेच बघतो आणि तुम्हीही हेच बघा असं माझं म्हणणं आहे, पॉलिश-बिलिश सगळं नंतर.

आबांनी काय केलं सांगतो. डब्यातून काढून दिला तर त्यांनी टोकाकडे बघितलंच नाही, सरळ उलटा करून बूड बघितलं, मग भोकातून उजेडाकडे बघितलं, मग तळहातावर दोनदा वर-खाली केला आणि म्हणाले, “जावईबापू, ह्यो लई जड हाय.” बरोबर होतं त्यांचं. खरा राऊंड चोवीस ग्रॅमच्या आसपास असतो, आत पोकळी असते आणि बंदुकीची दारू हलकी असते. हा भरीव, वजनकाट्यावर चाळीसच्या वर गेला. इतकी वर्षं रिटायर होऊन झाली तरी तळहात विसरला नाही.

आता दुसरी बाजू. या गाळ्याचा पत्ता मिळायच्या आधी मी चोर बाजारात फिरलो होतो, मटण स्ट्रीटला. तिथे जुने कॅमेरे, ग्रामोफोन, जहाजाचे दिवे हे सगळं बघायला मला आवडतंच, पण एका टपरीवर (कुठली ते सांगत नाही, आणि सगळे तसे नाहीत) काचेच्या खाली रायफलचे राऊंड मांडलेले. ‘ओरिजिनल’. विचारलं कुठून आले तर म्हणे गोदीतून, चव्वेचाळीसच्या स्फोटातले, फोर्ट स्टिकिनचे. किंमत दीड हजार, ‘हिस्टरी आहे साहेब’.

हिस्टरी आहे हे खरंच. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये एसएस फोर्ट स्टिकिन फुटलं, बोटीत कापसाच्या गाठी, स्फोटकं, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा असं सगळं एकत्र भरलेलं, आगीवर पाणी मारताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि म्हणून आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. सोन्याची वीट तर कित्येक वर्षांनी पण गाळातून निघाली. पण मी तो राऊंड हातात घेऊन उलटा केला तर माप ७.६२ बाय ५१ चं आणि बुडावर ‘केएफ’ची खूण. केएफ म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी, पुण्याची. आणि मुळात ७.६२ बाय ५१ हे माप नेटोने स्वीकारलं १९५४ मध्ये, म्हणजे स्फोट होऊन दहा वर्षं झाल्यावर! गोदीत सापडलाच असता तर तो थ्री-नॉट-थ्री (.३०३ मापाचा) सापडला असता, ज्याच्या बुडाला बाहेर आलेली रिम असते. विक्रेत्याला हे सांगितलं तर तो हसला आणि किंमत आठशेवर आली.

गंमत इथपर्यंत. पुढचं गमतीचं नाही. प्रायमरवर लाल लाखेसारखं काहीतरी लावलेलं, त्यामुळे पिन पडलीय की नाही दिसत नव्हतं. अंगाला भोक नाही. कानाजवळ हलवला तर आत खुळखुळ. मी विचारलं आत काय आहे, तर म्हणे ‘रेती असेल, खाली आहे, डरो मत’. असेल! म्हणजे त्यालाही माहीत नाही. मी जसा होता तसा काचेवर ठेवला आणि निघालो.

इथे जरा थांबून समजावतो, कारण ‘खाली’ राऊंड ओळखायच्या ज्या युक्त्या लोक सांगतात त्यातली एकही खात्रीची नाही. हलवून आवाज येतो म्हणजे दारू आहे असं नाही, रेती असू शकते, आणि आवाज येत नाही म्हणजे रिकामा असंही नाही, कारण बऱ्याच काडतुसांत दारू इतकी ठासून असते की हलायला जागाच नसते. प्रायमरवर पिनेचा खड्डा आहे म्हणजे उडून गेलेला, हे तर सगळ्यात घातक. राऊंड मिसफायर होतो, म्हणजे पिन आपटूनही उडत नाही, तेव्हा खड्डा पडतोच की, पण आतलं सगळं जसंच्या तसं जिवंत राहतं. रेंजवर मिसफायर झाला की लगेच बोल्ट उघडत नाहीत, नळी टार्गेटकडे ठेवून थांबतात, कारण उशिरा पण उडू शकतो. तो राऊंड तुम्ही आठशे रुपयाला घरी आणून शोकेसमध्ये ठेवणार? आणि तेल किंवा पाणी टाकून ठेवलं की प्रायमर मरतो ही अजून एक समजूत. प्रायमरला मिलिटरी मालात लाखेचं सील असतं, ते ओल आत जाऊ नये म्हणूनच असतं. महिनाभर बुडवून ठेवलेला पण नंतर उडू शकतो. नुसती रिकामी पुंगळी आणि त्यात जिवंत प्रायमर एवढंच असलं तरी डोळा जायला ते पुरेसं आहे.

आता मेहुण्याची एंट्री. मी हे सगळं घरी सांगत होतो तर मेहुणा डोंबिवलीहून आलेला, तो म्हणतो, “दाजी, उगाच पैसे घालवले, गावच्या ट्रंकेत चार-पाच खरी काडतुसं पडलीयेत, तुमच्याकडे व्हाईस आहे, ड्रिल आहे, आपणच रिकामी करून भोक पाडू की, युट्यूबवर बघितलंय मी.” आणि मोबाईलवर फोटो दाखवला. पाटणकडचं घर, आबांच्या चुलत्यांची लायसनची .३१५ ची रायफल होती, १९७२ ला वन्यजीव कायदा आला तोवर शिकारीला जायचे, ते वारल्यावर रायफल रीतसर जमा झाली पण काडतुसं कापडात गुंडाळून ट्रंकेत तशीच. फोटोत पितळ हिरवं पडलेलं आणि एकाच्या मानेला उभी बारीक चीर.

ती चीर बघून मी मेहुण्याला पहिला प्रश्न विचारला की ट्रंक कुठे असते. माडीवर. माडीखाली? गोठा. झालं. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, ते थंड अवस्थेतच दाबून ओढून बनवतात त्यामुळे मानेत ताण अडकून राहतो, आणि अमोनियाची हवा लागली की ते ताणाच्या रेषेत आपोआप चिरतं. हे जगाला कळलं तेच मुळी हिंदुस्थानात. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवायचे, घोड्यांच्या मुताचा अमोनिया, वरून आर्द्रता, आणि पावसाळा संपला की पुंगळ्या चिरलेल्या निघायच्या. मूळ कारण अमोनिया हे नक्की व्हायला १९२१ साल उजाडावं लागलं. तर पाटणच्या गोठ्यावर तोच प्रयोग इतकी वर्षं चालू होता. अशा पुंगळीला व्हाईसमध्ये धरून दाब द्यायचा म्हणजे कुठे फाटेल ते देव जाणे. पितळ चमकवायला काही लोक अमोनियावालं पॉलिश लावतात, तेही जुन्या काडतुसावर नको, हे जाता जाता.

मेहुण्याचे व्हिडिओ मी नंतर बघितले. अमेरिकेतले आहेत. तिकडे मिलिटरीचा जुना शिल्लक माल पेट्यांनी विकत मिळतो, स्वस्त, आणि मग लोकांना वाटतं की थोडी सुधारणा केली की हाच माल महागड्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, राऊंडसारखा नेम लावेल. जुनी गोळी काढायची आणि त्याच दारूवर चांगल्या प्रतीची गोळी बसवायची, याला तिकडे ‘मेक्सिकन मॅच’ म्हणतात. करणारे लोक अनुभवी असतात, त्यांच्याकडे मोजमापाची साधनं असतात, लायसनची भानगड तिकडची वेगळी, आणि तरीही त्यांचेच जाणते लोक सारखे सांगत असतात की जपून. का, ते मला लेथवाल्याच्या नजरेने पटलं. फॅक्टरीत भरलेली दारू ही त्या एका लॉटपुरती, त्या एका गोळीच्या वजनाला आणि लांबीला जुळवलेली असते, दुकानात डब्यात मिळते तशी ठरलेल्या गुणाची नसते, लॉट बदलला की मात्रा बदलते. त्यावर तुम्ही जड गोळी बसवली, किंवा तीच गोळी जरा जास्त आत ढकलली गेली, की आतली जागा कमी होते आणि प्रेशर चढतं. किती प्रेशर म्हणाल तर या मापाच्या राऊंडची वरची मर्यादा चार हजार बारच्या पुढे आहे, आपल्या गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतं. म्हणजे आधीच काठोकाठ आहे, आणि पलीकडे गालाला टेकून तुमचं तोंड आहे.

दुसरी खोड म्हणजे टोक घासायचं. हे तर आपल्याकडच्या पिक्चरवाल्यांनी पण डोक्यात भरवलंय, टोक कापलं की गोळी ‘दमदम’ होते वगैरे. दमदम म्हणजे कोलकात्याजवळचं दमदमच, तिथल्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात इंग्रजांनी थ्री-नॉट-थ्रीची टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी काढली, १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदीचं डिक्लेरेशन आलं. पण फॅक्टरीत तशी बनवणं वेगळं आणि घरी कानस घेऊन बसणं वेगळं. साध्या मिलिटरी गोळीचं तांब्याचं आवरण पुढून बंद आणि मागून उघडं असतं. पुढचं टोक घासून उघडं केलंत की ती दोन्हीकडून उघडी नळी झाली, मधे नुसतं शिसं. मागून चार हजार बारचा धक्का बसला की शिसं पुढे निघून जाऊ शकतं आणि आवरण नळीत चिकटून राहतं. बाहेरून काही दिसत नाही, गोळी लागलेली पण दिसते. पुढचा राऊंड मारला की तो त्या अडथळ्यावर जाऊन आदळतो आणि नळी फुटते.

आणि सगळ्यांनाच साधी गोळी मिळते असं कुठे आहे. शिल्लक मालात ट्रेसर (जाताना मागे उजेडाची रेघ सोडणारे) असतात, चिलखतभेदी असतात, आगलावे असतात. ट्रेसरच्या बुडात मॅग्नेशियमसारखं जळणारं मिश्रण असतं, आगलाव्याच्या टोकात असतं, त्याच्यात ड्रिल घातलं की काय होईल ते समजायला इंजिनियर व्हायला नको. टोकाच्या रंगावरून ओळखू म्हणाल तर रंग प्रत्येक देशाचे वेगळे. नेटोच्या मालात लाल किंवा नारिंगी टोक म्हणजे ट्रेसर, रशियन पद्धतीत ट्रेसर हिरवा. त्यातून पन्नास वर्षांत रंग उडालेला असतो, नाहीतर त्या टपरीवाल्यासारखं कुणीतरी वरून स्वतःचा रंग मारलेला असतो.

मेहुणा म्हणाला, पण मला मारायचा नाहीये, नुसता रिकामा करायचाय. हा प्रश्न बरोबर आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात, कारण रायफल मधे नाही म्हटल्यावर भीती जाते. रायफलच्या बाहेर राऊंड उडाला तर गोळी फार जोरात जात नाही हे खरंय, कारण तिला धरून ठेवणारी नळी नसते. पण मग सगळा जोर पुंगळीवर निघतो, पितळ फाटून त्याचे तुकडे उडतात आणि प्रायमर मागे सुटतो. व्हाईसवर काम करताना आपला चेहरा कुठे असतो ते आठवा. माझ्या शॉपमध्ये लोक अधूनमधून असली वस्तू रुमालात बांधून आणतात, ‘जरा भोक पाडून द्या ना, किचेन करायचंय’. मी शटरच्या आत घेत नाही. पलीकडच्या गाळ्यात वेल्डिंग चालू असतं, इथे ग्राइंडरच्या ठिणग्या, आणि हे महाशय खिशातून राऊंड काढणार. सरळ तोंडावर नाही म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मेहुण्याला मात्र माझं काही पटत नव्हतं, आबांचं पटलं. आबा इतका वेळ पेपर वाचत होते. चष्मा वर केला आणि म्हणाले, “आरं, रेंजवर एक पुंगळी कमी भरली तर अख्खी कंपनी गवतात रांगायची अंधार पडंस्तवर. रिकामी पुंगळी, भरल्याली न्हाई. आन तू भरल्याली घिऊन डोंबिवलीच्या लोकलनं येनार व्हय?” संपला विषय.

कायद्याचं पण सांगून टाकतो कारण ‘शोपीस तर आहे’ हा बचाव लोक फार सहज धरतात. शस्त्र कायदा १९५९ चा, त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागसुद्धा येतात. लायसन नसताना जिवंत काडतूस बाळगणं हा गुन्हा आहेच, पण बनवणं, बदल करणं, रूपांतर करणं हे कलम ५ मध्ये वेगळं येतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. बाकीच्या भागांसोबत जोडून वापरायचे नाहीत अशा किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे, आणि ‘माहीत असून बाळगलं’ हे सिद्ध व्हावं लागतं असं सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच सांगितलंय, पण हे सगळं वकील तुमच्या वतीने कोर्टात बोलणार, तोपर्यंत तुम्ही तारखा मोजणार. ७.६२ आणि .३०३ तर सिव्हिलियनला मुळातच बंद, म्हणून तर आपल्याकडे .३१५ ची पद्धत पडली.

मग ट्रंकेतल्या काडतुसांचं काय केलं? लायसन संपलं किंवा लायसनदार गेला की दारूगोळा पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायचा असं कायद्यातच आहे, कलम २१. आबांनी गावच्या पुतण्याला फोन लावला, ट्रंकेला हात लावायचा नाही, घेऊन जायचं नाही, ठाण्यात फोन करून विचार काय करायचं. लायसनची जुनी वही सापडली ती बरी झाली. पोलीस घरी आले, पंचनामा केला, घेऊन गेले. एक कप चहा, दोन सह्या. मुंबईत असं काही सापडलं, विशेषतः जुन्या चाळीत माळ्यावर किंवा भंगारात, तर पिशवीत घालून लोकलने-मेट्रोने स्टेशनला नेऊ नका, ११२ लावा, ते माणूस पाठवतात, मोठं काही असेल तर बॉम्बशोधक पथक येतं. भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका, तो भट्टीच्या ढिगात टाकेल.

हो, आणि डमी पण विमानात नाही. हे गाळेवाल्यांनी बॉक्सवर छापायला हवं होतं, छापलेलं नाही. केबिन बॅगेत राऊंडच्या आकाराची वस्तू एक्सरेत दिसली की सीआयएसएफवाले बाजूला घेणारच, आणि नकली हत्यारं-दारूगोळा केबिनमध्ये चालतच नाही. भोक आहे, भरीव आहे, सगळं दाखवेपर्यंत फ्लाइट जाईल. त्यांच्याकडे किचेनवाला छोटा पण मिळतो, तो मी मुद्दाम घेतला नाही. गाडीच्या चाव्यांना लावला की माणूस विसरतो आणि तसाच विमानतळावर जातो.

ज्यांना खरोखर नेमबाजीचं वेड आहे आणि म्हणून हात शिवशिवतात, त्यांना माझं एकच म्हणणं, रेंजवर या. मी स्वतः वरळीला दहा मीटर एअर रायफल मारतो, हौशी, मेडल-बिडल काही नाही. साडेचार मिलीचे शिशाचे पेलेट, वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर लायसनची कटकट नाही. आणि चांगल्या नेमासाठी मोठे लोक काय करतात ते तिथे कळतं. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, ४५१.४ पॉइंट, तो प्रकार .२२ मापाच्या काडतुसावर होतो. .२२ मध्ये स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, त्यात खटपट करायला वावच नाही. वरच्या दर्जाचे नेमबाज वेगवेगळ्या लॉटचे राऊंड आपल्या नळीतून मारून बघतात आणि जो लॉट जुळतो तोच उचलतात. कानस-ड्रिल कुणी हातात घेत नाही.

तर परत मालाकडे. लेथकाम उत्तम, सुरक्षिततेचा विचार फार चांगला, लॅकर पातळ, स्टँडबद्दल खोटं बोलले. पाचापैकी चार. ऑर्डर देताना आरपार भोक आणि रिकामी प्रायमरची जागा हे दोन्ही लेखी मागा, कारण त्यांच्या कॅटलॉगमध्ये ‘रियल लुक’ नावाचा एक बिनभोकाचा मॉडेल पण आहे, नकली प्रायमर बसवलेला, शंभर रुपये जास्त. तो घेऊ नका. उद्या तुमच्या पश्चात कपाटात कुणाला सापडला तर त्यांना कसं कळणार तो कुठला आहे. नाव कोरायचं तर देवनागरी अक्षरांचा फोटो पाठवून आधी नमुना मागवा. डिलिव्हरी बारा दिवस म्हणाले होते, गणपतीमुळे तीन आठवडे लागले, कुरिअर नको असेल तर गाळ्यावर जाऊन घेता येतो, दुपारी दोन ते तीन जेवणाची सुट्टी असते.